स्पॅम फिल्टरचा आकडा ५ वरून २ वर आणू नका

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट, शेअर्ड होस्टिंगवर (अनेक डोमेनसाठी मिळून एकच सर्व्हर) सीपॅनेल (तो सांभाळायचं वेब-पॅनेल), २२ मेलबॉक्स, सगळ्यांकडे आउटलुक आणि पीओपी३ (सर्व्हरवरचा मेल संगणकावर उतरवून घेण्याची जुनी पद्धत). ‘इन्फो’च्या पत्त्यावर रोज ४०-५० स्पॅम येत होते म्हणून फिल्टरचा आकडा (किती गुणांना मेल स्पॅम धरायचा ती रेघ) ५ वरून २ वर आणला आणि ‘ऑटो-डिलीट’ चालू केलं. पंधरा दिवसांनी चाकणच्या ग्राहकाचा फोन आला: पर्चेस ऑर्डर पाठवून आठवडा झाला, उत्तर का नाही? ती ऑर्डर कुठेच सापडत नाही. वर तुमची कोटेशन्स लोकांच्या जंकमध्ये पडतात. तेव्हा पैसे मोजून बाहेरचा फिल्टर घ्यावा का?

बाहेरच्या फिल्टरचं शेवटी बोलू. आधी हे बघा की तुम्ही एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितली आहेत. स्पॅम येतो, खरा मेल हरवतो आणि तुमचा मेल दुसऱ्याकडे धड पोचत नाही. आकडा खाली आणणं हे फक्त पहिल्या दुखण्यावरचं औषध, आणि त्याने दुसरं वाढतं. पन्नास स्पॅम हाताने उडवायला पाच मिनिटं लागतात. एक ऑर्डर हुकली तर गिऱ्हाईक जातं. म्हणून छोट्या ऑफिसचा मेल लावताना मी एकच कसोटी धरतो: जो मेल घ्यायचा नाही तो दारातूनच परत जावा आणि पाठवणाऱ्याला तसं कळावं, जो आत घेतला तो कुणाच्या तरी नजरेखाली राहावा. ‘ऑटो-डिलीट’ या दोन्हींच्या उलट वागतं. मेल आत घेतं, पाठवणाऱ्याला ‘मिळाला’ म्हणून सांगतं आणि मग फेकून देतं. ते आज बंद करा. गेलेला मेल परत येणार नाही, पण होस्टिंगवाल्याकडून त्या तारखांचा एक्झिमचा (सर्व्हरवर मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) लॉग मागून घ्या. मजकूर मिळाला नाही तरी कुणाचा मेल किती वाजता आला एवढं कळेल आणि त्या लोकांना फोन करता येईल. लॉग काही दिवसांनी पुसले जातात, त्यामुळे उद्यावर टाकू नका.

आता तो आकडा. सीपॅनेलमध्ये मागे स्पॅमअसॅसिन हा फिल्टर चालतो. त्याचे शेकडो नियम मेलला थोडे थोडे गुण देतात, आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरतो. नियमांचे गुण मुळातच ५ ही रेघ धरून बेतलेले आहेत. रेघ २ वर आणली की काय होतं ते प्रत्यक्ष बघा. वेबमेलमध्ये कुठलाही मेल उघडून त्याचे पूर्ण हेडर (मेलच्या प्रवासाची तांत्रिक माहिती) दाखवा. त्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ नावाची ओळ असते, तिच्यात गुण आणि लागू झालेल्या नियमांची नावं दिसतात. एखाद्या साध्यासुध्या वर्कशॉपकडून आलेल्या मेलमध्ये असे तीन नियम सहज लागतात: ‘बेझ_५०’चे ०.८, ‘आरडीएनएस_नन’चे जवळपास ०.८, ‘एसपीएफ_सॉफ्टफेल’चे साधारण ०.७. आवृत्तीनुसार थोडा फरक पडेल, पण बेरीज २.३ च्या आसपास येते. या तिघांचा अर्थ काय? पहिला म्हणतो, ‘मजकुरावरून मला काही ठरवता येत नाही.’ दुसरा म्हणतो, पाठवणाऱ्या आयपीला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाला) उलट नाव नाही, म्हणजे त्या क्रमांकावरून सर्व्हरचं नाव सापडत नाही. तिसरा म्हणतो, त्याचं एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा ती जाहीर यादी) नीट लिहिलेलं नाही. मजकुरात एकही संशयास्पद शब्द नसताना, केवळ समोरच्याचा सर्व्हर गबाळा आहे म्हणून ऑर्डर कचऱ्यात. आपल्याकडच्या लघुउद्योगांतले बरेच सर्व्हर असेच असतात, आणि तेच तुमचे ग्राहक आहेत.

रेघ परत ५ वर न्या. नंतर दोन आठवडे काहीही न पुसता फक्त गुण बघा. ‘इन्फो’ आणि ‘पर्चेस’ या दोन पत्त्यांवरच्या शंभरेक मेलचे गुण वहीत उतरवले तरी पुरे. खऱ्या मेलचे गुण बहुधा शून्याच्या आसपास किंवा खाली दिसतील, थोडे ३-४ पर्यंत चढतील. उघड स्पॅम ८ च्या पुढे दिसेल. मधला ५ ते ८ चा पट्टा माणसाने बघायचा. स्वतःचा सर्व्हर असेल तर १२ ते १५ च्या वर दारातच नकार द्यायला हरकत नाही. आरस्पॅमडी हा दुसरा फिल्टर वापरणाऱ्यांना त्यात हीच मांडणी तयार मिळते: ६ ला खूण, १५ ला नकार. शेअर्ड होस्टिंगवर दारातला नकार तुमच्या हातात नसतो, तो होस्टिंगवाल्याच्या एक्झिममधून लावावा लागतो. विचारून बघा, चांगले होस्टिंगवाले लावून देतात.

दोन गोष्टी त्या हेडरमध्ये मुद्दाम शोधा. ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ दिसलं तर त्याचा अर्थ मेलमधली लिंक बदनाम आहे असा नाही. बदनाम लिंकांच्या यादीने तुमच्या सर्व्हरची चौकशीच नाकारली, असा आहे. म्हणजे फिल्टर एका डोळ्याने बघतोय, आणि स्पॅम आत येण्याचं अर्धं कारण तिथेच सापडतं. दुसरं, खऱ्या मेलवर ‘बेझ_९९’ दिसलं तर फिल्टरचं शिक्षण बिघडलेलं आहे. त्या एका नियमाचेच ३.५ गुण असतात. ऑफिसातल्या कुणीतरी नको असलेली जाहिरातपत्रं, बँकेची स्टेटमेंट, सप्लायरच्या रेट लिस्ट सगळं सरसकट ‘स्पॅम’ म्हणून शिकवलेलं असतं. स्पॅम म्हणजे आपल्याला कंटाळा आलेला मेल नव्हे, हे स्टाफला एकदा बसवून सांगावं लागतं. बेझला (फिल्टरच्या शिकणाऱ्या भागाला) कामाला लागायलाच २०० स्पॅम आणि २०० खरे मेल लागतात. लोक फक्त स्पॅम शिकवतात, खरे मेल शिकवतच नाहीत, आणि मग ते एक तर झोपून राहतं नाहीतर एका बाजूला झुकतं. बिघडलं असेल तर दुरुस्त करत बसू नका. पुसून नव्याने शिकवा.

आता तुमच्या प्रश्नातली जी गोष्ट तुम्हाला बिनमहत्त्वाची वाटली असेल, ती: पीओपी३. पीओपी३ सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स उचलतं. सीपॅनेलमधला ‘स्पॅम बॉक्स’ चालू असेल तर संशयित मेल सर्व्हरवर ‘स्पॅम’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात, आणि तुमच्या २२ पैकी एकाच्याही आउटलुकला तो फोल्डर कधीच दिसत नाही. आउटलुकचा स्वतःचा ‘जंक’ फोल्डर वेगळा. लोक तो उघडून ‘इथे काही नाही’ म्हणतात आणि सर्व्हरवरच्या फोल्डरचा कुणाला पत्ताच नसतो. ‘ऑटो-डिलीट’ची मर्यादा ‘स्पॅम बॉक्स’च्या मर्यादेपेक्षा वेगळी ठेवता येते, त्यामुळे तुमची ऑर्डर अजून तिथे पडलेली असण्याची शक्यता आहे. पुढचं वाचण्याआधी वेबमेल उघडून तो फोल्डर बघा.

तो फोल्डर कुणी रिकामा करत नाही, हे दुसरं संकट. महिनोन्महिने भरत जातो, मेलबॉक्सचा कोटा संपतो आणि मग सगळ्यांचेच मेल ‘मेलबॉक्स फुल’ म्हणून परत जायला लागतात. आउटलुकमध्ये इनबॉक्स स्वच्छ दिसतो, त्यामुळे कुणाला कारण सुचत नाही.

उपाय आयमॅप. आयमॅपवर सर्व्हरवरचे सगळे फोल्डर आउटलुकमध्ये आणि मोबाईलवर सारखेच दिसतात. जुने पीएसटी (आउटलुकच्या संगणकावरच्या मेल-फाइली) तसेच राहू द्या, नवा अकाउंट आयमॅपने जोडा, कोटा वाढवून घ्या. एखाद्या संगणकावर पीओपी३ सोडणं शक्यच नसेल तर तिथे ‘स्पॅम बॉक्स’ बंद ठेवा, विषयाआधी फक्त खूण लागू द्या आणि त्या खुणेवरून आउटलुकमध्ये नियम करून मेल स्थानिक फोल्डरला न्या. आउटलुकचा स्वतःचा जंक फिल्टर बंद करा. दोन फिल्टर दोन ठिकाणी लपवायला लागले की शोधायचं कुठे हेच कळत नाही.

मग रोज सकाळी कुणीतरी एकाने संशयित फोल्डर बघायचा. नाव ठरवून द्या; ‘सगळ्यांनी बघा’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

व्हाइटलिस्टबद्दल (ज्यांचा मेल अडवायचा नाही त्यांची यादी) वेगळं सांगतो, कारण ऑर्डर हरवल्यावर तुम्ही पुढचं पाऊल हेच उचलणार. स्पॅमअसॅसिनमधली साधी व्हाइटलिस्ट मेलला वजा १०० गुण देते, म्हणजे बाकी सगळे नियम निकामी. आणि ती बघते फक्त ‘फ्रॉम’चा पत्ता, जो कुणीही काहीही लिहू शकतो. तुमच्या मोठ्या ग्राहकाचं अख्खं डोमेन त्यात घातलंत तर त्याच्या नावाने येणारा प्रत्येक खोटा मेल थेट आत. त्याहून वाईट म्हणजे स्वतःचंच डोमेन घालणं. हे इतक्या ठिकाणी केलेलं असतं की नवीन सर्व्हर हातात आला की मी सगळ्यात आधी तेच तपासतो. मालकाच्या नावाने अकाउंट्सला ‘तातडीने इतके पैसे पाठव’ असा मेल येतो तो याच खिडकीतून. स्पॅमअसॅसिनमध्ये अशी एक व्हाइटलिस्ट आहे जी एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) खरं ठरलं तरच लागू होते; तीच वापरा. ती सोय हाताशी नसेल तर ग्राहकाच्या आयटीवाल्याला फोन करून त्याचं एसपीएफ दुरुस्त करायला सांगणं जास्त टिकाऊ.

इथे एक मराठीपुरती बाब. काही होस्टिंगवाले भाषा ओळखणारं प्लगिन चालू करतात आणि मान्य भाषांत फक्त इंग्रजी लिहितात. मग ग्रामपंचायत, पतसंस्था, सोसायटी यांच्याकडून देवनागरीत येणाऱ्या मेलचे गुण विनाकारण चढतात. त्या यादीत मराठी, हिंदी आणि संस्कृतही घालता येतात. घालून घ्या, किंवा प्लगिनच बंद करा.

मूळ स्पॅम कमी कसा करायचा? पहिलं काम फुकट आणि एका मिनिटाचं आहे: ‘कॅच-ऑल’ बंद करा. तुमच्या डोमेनवर अस्तित्वात नसलेल्या कुठल्याही नावाने आलेला मेल ‘इन्फो’ला जमा होत असेल तर ४०-५० पैकी बरेचसे तिथूनच येतात. स्पॅमवाले ‘सेल्स’, ‘अ‍ॅडमिन’, ‘एचआर’ अशी नावं डोळे मिटून मारत असतात. सीपॅनेलच्या ‘डिफॉल्ट अ‍ॅड्रेस’मध्ये नकार देण्याचा पर्याय निवडा, गुपचूप टाकून देण्याचा पर्यायही तिथेच असतो, तो नको. कुणी तुमच्या पत्त्यात एक अक्षर चुकवलं तर त्याला ताबडतोब ‘असा पत्ता नाही’ असं उत्तर जायला हवं. सोडून गेलेल्या लोकांचे पत्ते मात्र सहा महिने तरी चालू माणसाकडे वळवून ठेवा.

हा आणि पुढचे दोन-तीन परिच्छेद स्वतःचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी, किंवा तुम्ही होस्टिंगवाल्याला विचारण्यासाठी. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त स्पॅम थांबतो तो बदनाम आयपींच्या यादीने, आणि त्यात स्पॅमहाउस या संस्थेची ‘झेन’ यादी बहुतेक जण लावतात. पण ती लावताना होणारी चूक ठरलेली. सर्व्हरचा डीएनएस (नावं आणि आयपी शोधून देणारी यंत्रणा) ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवर (सगळ्यांसाठी ही चौकशी करणाऱ्या सर्व्हरवर) असतो. स्पॅमहाउस त्यांच्याकडून आलेल्या चौकशीला खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा ‘चौकशी चुकीच्या मार्गाने आली’ असं सांगणारा आकडा परत पाठवतं. सर्व्हरला सांगितलेलं असतं, ‘काहीही उत्तर आलं की मेल नाकार.’ मग जगातला प्रत्येक मेल नाकारला जातो. म्हणून दोन गोष्टी करा. सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा, आणि नियमात १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं नकारासाठी धरा. वर जे ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ सांगितलं, तेही या स्वतःच्या रिझॉल्व्हरने बहुतेक वेळा जातं. आणखी एक, ही तपासणी २५ नंबरच्या पोर्टवरच (जिथून दुसरे सर्व्हर मेल आणून देतात) ठेवा. तुमचा सेल्समन मोबाईल डेटावरून मेल पाठवतो तेव्हा त्याचा आयपी ‘झेन’मधल्या पीबीएल भागात असतोच, कारण ती यादीच घरगुती आणि मोबाईल आयपींची आहे. त्याने पासवर्डसह ५८७ किंवा ४६५ वरून यावं आणि तिथे ही तपासणी नसावी.

कुठल्या ब्लॉगवरून उचललेल्या दहा-दहा याद्या लावू नका. याद्या मरतात. ओआरडीबी ही जुनी यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी लोकांनी ती काढली नाही, म्हणून मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक आयपीला ‘बदनाम’ म्हणायला सुरुवात केली आणि ठिकठिकाणचे मेल अडले. सॉर्ब्ज जून २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये तिचं नाव अजून असेल तर काढा.

ग्रेलिस्टिंगबद्दल माझं मत बदलत्या काळाबरोबर थंड झालंय. अनोळखी पाठवणाऱ्याला ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवायचं, खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅमवाला येत नाही, ही कल्पना २००३ ची. पोस्टग्रे या त्यासाठीच्या प्रोग्रॅममध्ये थांबवायचा काळ मुळात ३०० सेकंदांचा. पण आज बँक, जीएसटी, टेंडर पोर्टल सगळीकडे ओटीपी मेलवर येतो आणि त्याची मुदत मोजक्या मिनिटांची. मोठ्या सेवा दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येतात, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. लावायचंच तर सरसकट नको. आरस्पॅमडी करतं तसं मधल्या गुणांच्या मेललाच लावा.

अटॅचमेंटचं फार लांबवत नाही. ‘ईएक्सई’, ‘एससीआर’, ‘जेएस’, ‘व्हीबीएस’, ‘एलएनके’, ‘आयएसओ’, ‘आयएमजी’ ही शेपटं असलेल्या फाइली दारातच नाकारा, झिपच्या आत असल्या तरी. तुमच्या धंद्यात त्या मेलने यायचं कारण नाही. ‘एचटीएमएल’ अटॅचमेंट उघडल्यावर बऱ्याचदा मेलचा पासवर्ड मागते, तिच्यावर खूण लावा. ‘डीडब्ल्यूजी’ आणि ‘स्टेप’ ड्रॉइंगं चुकून अडत नाहीत ना हे एकदा स्वतःला पाठवून तपासा. क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम) असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता तिसरं दुखणं, कोटेशन जंकमध्ये जाण्याचं. शेअर्ड सर्व्हरवर एकाच आयपीवरून शेकडो डोमेनचे मेल बाहेर पडतात. चाळीत एका खोलीतून सांडपाणी रस्त्यावर आलं की दंड सगळ्या चाळीला. शेजाऱ्याच्या वर्डप्रेसमध्ये कुणी घुसून स्पॅम पाठवला तरी बदनाम आयपी तुमचाही असतो. ते तुमच्या हातात नाही. पण बऱ्याचदा दोष स्वतःच्याच घरात निघतो, तेव्हा आधी तो बघा.

एसपीएफ डोमेनवर एकच असावं. दोन असली तर दोन्ही रद्द धरली जातात. जुन्या होस्टिंगचं एक, नव्याचं एक, असं सर्रास आढळतं. त्यात डीएनएसच्या चौकश्यांची मर्यादा १० आहे. प्रत्येक ‘इन्क्लुड’ (दुसऱ्याची यादी जोडणं) ती खातं, आणि आतल्या आत आणखी इन्क्लुड असतात. सीआरएम, पगाराचं सॉफ्टवेअर, न्यूजलेटर असं एकेक जोडत गेलात की १० कधी ओलांडले ते कळत नाही. डीकेआयएम सीपॅनेलच्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ पानावरून चालू होतं. डोमेनचा डीएनएस दुसरीकडे असेल तर तिथे हाताने चिकटवावं लागतं, आणि २०४८ बिटांची चावी एका २५५ अक्षरांच्या तुकड्यात मावत नाही. ती दोन तुकड्यांत जाते. अर्धवट चिकटवलेली चावी हे नेहमीचं दुखणं. मग डीमार्क, म्हणजे तुमच्या नावाचा मेल एसपीएफ-डीकेआयएममध्ये नापास झाला तर त्याचं काय करायचं ते सांगणारी नोंद. सुरुवातीला धोरण ‘नन’ (काही अडवू नका) आणि अहवालांसाठी एक वेगळा पत्ता. तीन-चार आठवडे अहवाल बघा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं त्याची यादी त्यातून मिळते. टॅलीतून जाणारी इन्व्हॉइस, गेटवरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, स्कॅनर यांच्यापैकी काहीतरी विसरलेलं हमखास निघतं. ते सगळं सरळ झाल्यावर ‘क्वारंटाइन’ आणि मग ‘रिजेक्ट’. घाई केलीत तर स्वतःचीच इन्व्हॉइस अडवाल. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे प्रकार जवळपास सक्तीचे केले आहेत: जीमेलकडे दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही हवीत आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. तुम्ही त्या संख्येत बसत नाही. पण एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी आणि आयपीला उलट नाव ही अट छोट्यांनाही आहे.

वेबसाइटवरचा ‘संपर्क’ फॉर्म तपासा. भेट देणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून फॉर्म मेल पाठवतो, म्हणजे तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवतो, आणि तो डीमार्कमध्ये आपटतो. ‘फ्रॉम’मध्ये तुमचाच पत्ता, भेट देणाऱ्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये. फॉर्मला कॅप्चा नसेल तर निम्मा स्पॅम तिथूनच येत असेल.

आणि मालकाच्या जीमेलला सगळं फॉरवर्ड करणं थांबवा. ‘इन्फो’ला आलेला स्पॅमही तुमचा सर्व्हर इमानेइतबारे जीमेलकडे पोचवतो, जीमेलच्या दृष्टीने पाठवणारे तुम्ही. शिवाय फॉरवर्ड होताना मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ तुटतं. मालकांना मोबाईलवर तोच मेलबॉक्स आयमॅपने जोडून द्या.

शेअर्ड सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, आणि २२ मेलबॉक्स असलेल्या तुम्हालाही, खरा धोका चोरलेल्या पासवर्डचा. खूण अशी: एखाद्याला ‘मेल पोचला नाही’ अशी शेकडो उत्तरं यायला लागतात, बाहेर जाणाऱ्या मेलच्या रांगेत अचानक हजारो मेल साठतात, आणि लॉगमध्ये एकच लॉगिन तासाभरात तीन-चार देशांतून दिसतं. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी पासवर्ड बदला. लगेच चालू जोडण्या तोडा. नाहीतर जुन्या पासवर्डने आधीच आत असलेला आतच राहतो. मग रांगेतून त्या एका पत्त्याचे मेल काढा. पूर्ण रांग रिकामी केलीत तर इतरांची इन्व्हॉइसही जातील. नंतर त्या मेलबॉक्सचे फॉरवर्डर आणि फिल्टर उघडून बघा: ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेले मेल बाहेर पाठवणारा किंवा भलत्याच फोल्डरमध्ये लपवणारा नियम चोराने ठेवलेला असतो, आणि पासवर्ड बदलला तरी तो चालू राहतो. त्या माणसाचा संगणकही तपासा. बदनाम आयपींच्या याद्यांमधून नाव काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी. भोक बुजवण्याआधी केलात तर आयपी पुन्हा यादीत जातो आणि दुसऱ्या वेळी बाहेर पडणं कठीण होतं. आधीपासूनची खबरदारी म्हणून प्रत्येक मेलबॉक्सला तासाला १०० मेलची मर्यादा तुमच्यासारख्या ऑफिसला भरपूर झाली. मर्यादा ओलांडली की तुम्हाला सूचना यावी. लॉग १८० दिवस जपा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते बंधनकारक आहे, आणि अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचीही असते.

एक प्रकार बहुतेक फिल्टर पकडत नाहीत. सप्लायरच्या डोमेनसारखंच दिसणारं डोमेन, इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी, आणि मजकूर एवढाच: ‘आमचं बँक खातं बदललंय.’ त्याचं एसपीएफ, डीकेआयएम सगळं बरोबर असतं, कारण डोमेन चोराचंच आहे. त्यावर इलाज ऑफिसच्या शिस्तीचा: खातं बदलल्याचा मेल आला की आपल्या जुन्या बिलावरच्या नंबरला फोन केल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. मेलमध्ये दिलेला नंबर लावायचा नाही. गेलेच तर पहिल्या तासातच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन.

आता बाहेरचा फिल्टर. तुमच्याकडे सर्व्हर बघणारा माणूस नाही, मेलबॉक्स २२ आणि होस्टिंगवाला लॉग द्यायलाही कुरकुर करत असेल, तर मी मेलबॉक्सच गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहोसारख्या सेवेवर हलवा म्हणेन. शेजाऱ्यांच्या बदनामीचा प्रश्नही त्यात सुटतो. पैसे माणशी लागतात, म्हणून ज्यांना फक्त गेटपास आणि हजेरीचे मेल येतात त्यांना सामाईक पत्त्यावर आणा. होस्टिंगवाला ऐकणारा असेल आणि वरची कामं झाल्यावर स्पॅम रोजचा पाच-सातवर आला, तर पैसे वाचवा. नुसता फिल्टर पुढे बसवायचा मधला मार्गही आहे: एमएक्स (डोमेनचा मेल कुठे जायचा ती नोंद) फिल्टरकडे वळवायचं आणि त्याने गाळलेला मेल तुमच्या जुन्या सर्व्हरवर यायचा. मात्र जुन्या सर्व्हरने फिल्टरच्या आयपीशिवाय कुणाकडूनही मेल घेता कामा नये. स्पॅमवाले एमएक्स न बघता जुन्या सर्व्हरवर थेट येतात, आणि शेअर्ड होस्टिंगवर ही बंदी लावायला होस्टिंगवालाच लागतो. तो नाही म्हणाला तर या मार्गाला जाऊ नका.

मेलबॉक्स पूर्ण हलवलेत तर सीपॅनेलमधलं ‘ईमेल राउटिंग’ ‘लोकल’वरून ‘रिमोट’ करायला विसरू नका. ते ‘लोकल’ राहिलं तर बाहेरचे मेल नव्या ठिकाणी नीट येतात, पण तुमच्याच वेबसाइटच्या फॉर्मचे आणि त्याच सर्व्हरवर डोमेन असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांचे मेल जुन्या, आता कुणीही न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये जमा होत राहतात. बदल केल्यावर फॉर्ममधून स्वतः एक चौकशी टाका आणि ती कुठे पडते ते बघा.